यंत्राच्या पोटाखालचं धुराडं

आदल्या संध्याकाळी मेरिनने पाणथळीतली पाचही धुराडी स्वतःच्या हाताने मोडली होती. चिखलाच्या गोळ्या रचून क्रेफिशने, म्हणजे ओलीत बिळं करणाऱ्या झिंग्यासारख्या नांगीवाल्या जिवाने, बिळाच्या तोंडावर उभारलेली, वीतभर उंच. टास्मानियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या थोड्याच ओहोळांकाठी उरलेली ही जात.

"खाली कोणी जिवंत असेल तर सकाळपर्यंत पुन्हा बांधेल," ती सासऱ्यांना, क्लॅरींना, म्हणाली होती.

"बांधलं तर पाणी काढायचा चर वर चढावरून नेईन," क्लॅरी म्हणाले. "नाही तर दहाच्या चहानंतर इथूनच खणणार. माझ्या गाई रुततात, पोरी. तुझे क्रेफिश काही दूध देत नाहीत."

सकाळी तान्ह्या लेकीला, टॅम्सिनला, पाठीशी बांधून, सापाच्या धास्तीने प्रत्येक गवताचा झुबका काठीने चाचपत ती पोचली. पाचही जागा सपाट.

कालपासून तिथेच उभ्या असलेल्या खणायच्या यंत्राला टेकून क्लॅरी थर्मास उघडत होते. "काय, गवंडी कामावर आले नाहीत वाटतं?"

मेरिन गुडघ्यांवर बसली. चिखलावर तिच्याच तळव्याचे ठसे होते. धुराडी मोडताना तिने दारंच लिंपून टाकली होती. पण दार लिंपलं म्हणून आतला काय बसून राहील? तो दुसरीकडून निघेल. ती उठली आणि गोल गोल फिरत जमीन न्याहाळू लागली.

"दहाला दहा कमी," क्लॅरींनी आठवण करून दिली.

ती वाकली ती तशीच राहिली. यंत्र ज्यांवर चालतं त्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधोमध, त्याच्या पोटाखाली, ओल्या काळ्या गोळ्यांचा ढीग. सगळ्यात वरची गोळी हलली. खालून कोणीतरी ती रेटत होतं.

"क्लॅरी, इकडे या. किल्लीला हात लावू नका."

कुरकुरत ते आडवे झाले. नारिंगी नांगी बाहेर आली, गोळी ठेवली, पुन्हा आत गेली.

"साठ वर्षं इथे गाई हाकतोय," ते कुजबुजले, "आणि हे महाशय आज भेटताहेत." मग त्यांचा चेहरा पडला. "आता हे धूड काढू कसं?"

"सरळ मागे. मी हाताने खुणावते."

यंत्र धडधडलं. धुराडं थरथरलं, मेरिनने तळवा उंचावून सावकाशची खूण केली. तसूतसूने पट्टे मागे सरकले, धुराडं उघड्यावर आलं. उभंच होतं.

क्लॅरी उतरले, चराची रेघ आखायला ठोकलेली पहिली खुंटी उपटून चढावर निघाले. "इथे?"

"अजून वर, क्लॅरी. अजून."