बिजागऱ्यांवरून उतरलेला दरवाजा

मी दरवाजा. पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांच्या खोलीचा. म्हणजे, होतो. त्या दुपारची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो.

सुताराने मला जाड सागवानातून घडवलं. आतला शब्द बाहेर जाता कामा नये, असं त्याला बजावलं होतं. बाहेरचा आत कसा येणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासमोर माणसं कपडे नीट करायची, आवाज खाली आणायची. मला वाटायचं, यालाच शिस्त म्हणतात.

तक्रारींचे फोन घेणारी ताई रोज यायची. वाजवायला हात उचलायची आणि तसाच खाली घ्यायची. जुने साहेब एकदा सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले होते, तेव्हापासून.

"काय मौनीबाई, आजही दाराचं दर्शन घेऊन परत?" हेडक्लार्क हसायचे. "अगं, आपण बोलून काय होणार? चहा घे."

मग नव्या मॅडम आल्या. तरी ताईचं तेच. एका दुपारी मॅडमनी मला आतून खाडकन उघडलं. समोर ताई, हात हवेतच.

"माझ्याकडेच आला होतात ना?"

"नाही... म्हणजे हो. मॅडम, टेकडीमागच्या वस्तीत गढूळ पाणी येतंय. पोरं आजारी पडताहेत. आया फोनवर रडतात."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "मी इथेच तर बसलेय! बोलला का नाहीत?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "दार बंद होतं, मॅडम."

मी तर नुसता उभा होतो!

मॅडमनी आधी ते पाणी बंद करून टँकर पाठवला. मग सुताराला बोलावलं. बिजागऱ्या करकरल्या आणि मी आडवा!

"चार दिवसांचं कौतुक, बघा," हेडक्लार्क पुटपुटले. दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून तेच सगळ्यांत आधी येऊन बसले.

हो, मी आता टेबल आहे. सकाळी सगळे माझ्याभोवती बसतात. मॅडम शेवटी बोलतात. गटाराजवळ फुटलेला पाइप इथेच बोलता बोलता सापडला. वस्तीतलं एक पोर मात्र अजून दवाखान्यात आहे. फोन वाजला की सगळ्यांच्या माना वर होतात.

तुम्ही कुठल्या बंद दाराआड बसत असाल, तर मधूनमधून उठून ते उघडून बघा. बाहेर कुणाचा तरी हात हवेत असेल.

बोलण्याआधी ताई अजूनही बोटांनी माझ्यावर टकटक करते. किती हलका हात आहे तिचा! इतके दिवस तो माझ्यापासून बोटभरच लांब होता.