सलूनवाल्याचं तळं

सलूनवाल्याने ही थाप पहिल्यांदा मारली तेव्हा ती अगदी चिमुकली होती. डॉक्टरांनी वजनावरून झापल्यामुळे तो एका रविवारी सकाळी जंगलातल्या तळ्याकडे जाणाऱ्या पायवाटेने पळायला गेला. पहिल्या वळणावरच छातीचा भाता झाला, तेव्हा तिथल्या सपाट दगडावर जरा टेकला आणि टेकल्या टेकल्या झोपी गेला. इतकी गाढ झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

सोमवारी दुकानात एका गिऱ्हाइकाने मानेवर वस्तरा असतानाच विचारलं, "काय, काल तळ्यापर्यंत पोचलात का?"

"पोचलो की," सलूनवाला म्हणून गेला.

मग काय, दर रविवारी झोप दगडावर आणि दर सोमवारी वर्णन दुकानात. थापेने हळूहळू बाळसं धरलं. तळ्याचं पाणी निळंशार झालं, त्यात पांढरी कमळं उगवली, कमळांमधून बगळे चालू लागले. गिऱ्हाइकं आरशातून त्याच्याकडे आदराने पाहू लागली. घरी जेवताना बायकोही हाताची घडी घालून मन लावून ऐकायची आणि मध्येच विचारायची, "कमळं काठाला असतात की मधोमध?"

"मधोमध. काठाला नुसती पानं."

बायको दवाखान्यात नर्स होती. एका शनिवारी ती बूट शोधत म्हणाली, "उद्या मला सुट्टी आहे. मीही येते तुमच्याबरोबर तळ्यावर."

सलूनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, तुला झेपायचं नाही. चढ फार आहे."

"नाही झेपलं तर तुम्ही आहातच की. पाठुंगळी घ्या."

सकाळी जंगलाच्या तोंडाशी दोघं उभी राहिली. पहिल्या वळणापर्यंत तो मोठ्या रुबाबात पळाला. तो सपाट दगड दिसला तशी त्याची पावलं आपोआप मंदावली.

"इथं बसायचं असतं का?" बायकोने भोळेपणाने विचारलं.

"छे! इथं कशाला बसायचं?" असं म्हणून तो पुढे निघाला. इथून पुढचं जंगल त्याला आणि तो जंगलाला सर्वस्वी अनोळखी होता. मुळं पायात येत होती, फांद्या टोपी ओढत होत्या. घामाने सदरा अंगाला चिकटला. बायको मात्र मागून येताना गाणं गुणगुणत होती. दम लागलेल्या माणसाला गुणगुणता येत नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याचं सगळं लक्ष श्वासाकडे होतं.

पुढे वाट फुटली. एक डावीकडे, एक उजवीकडे.

"आता कुठं?" बायको.

"डावीकडे. डोळे मिटून जाईन मी."

"तुम्ही म्हणाल तसं."

डावी वाट आधी अरुंद झाली, मग चिखलाची झाली, आणि शेवटी एका खड्ड्यापाशी येऊन चक्क संपली. सलूनवाला घोट्यापर्यंत चिखलात उभा राहून खड्ड्याकडे असा बघत राहिला, जणू चूक खड्ड्याचीच होती.

"वनखात्याने वाट हलवलेली दिसतेय," तो म्हणाला.

"आख्खी वाट?"

"हल्ली काय वाटेल ते हलवतात."

बायकोने ओढणी तोंडात कोंबली. मग गंभीर चेहरा करून ती म्हणाली, "मला आपलं वाटतं, उजवीकडून पाण्याचा वास येतोय. बघू या का?"

आता ती पुढे आणि तो मागे. ती मुळांवरून अशी अलगद उड्या मारत चालली होती, जणू प्रत्येक मुळाशी तिची जुनी ओळख होती. झाडं विरळ झाली, उजेड वाढला आणि समोर तळं आलं.

पाणी निळं नव्हतं, हिरवट होतं. कमळ एकही नव्हतं. पण काठच्या लव्हाळ्यांवर ऊन उतरलं होतं, पाण्यात झाडं उलटी उभी होती आणि इतकं शांत होतं, की मासा उडाल्याचा आवाज पलीकडच्या काठावरून ऐकू आला. सलूनवाल्याचा जबडा खाली आला.

"अगं, हे किती..." आणि त्याने जीभ चावली.

"किती काय?"

"किती... नेहमीसारखंच आहे."

तेवढ्यात लव्हाळ्यांमागून गळ टाकून बसलेला एक म्हातारा मान वर करून ओरडला, "काय ताई, आज रविवारच्या? आणि हे कोण, नवशिके का?"

सलूनवाल्याची मान गर्रकन बायकोकडे वळली. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी आधीच बांधलेली होती.

"तू इथं येतेस?"

"दुपारची पाळी असली की सकाळी येते. तुम्ही तेव्हा दुकानात असता," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून इतकं ऐकलं, म्हटलं एकदा कमळं तरी बघून यावीत. आले ती पळायची गोडीच लागली."

"आणि कमळं?"

"ती बहुतेक वनखात्याने हलवली."

आधी त्याला राग आला. मग आपण नेमके कशावर रागावलोय हे आठवेना आणि हसूच फुटलं. हसता हसता तो पाण्याच्या कडेला गेला, पाय घसरला आणि लव्हाळ्यांसकट फताड्कन पाण्यात बसला. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, "गेले माझे मासे!" बायको इतकी हसली की तिला झाडाला धरून उभं राहावं लागलं.

परतीच्या वाटेवर ती प्रत्येक वळणावर थांबायची, तो दिसला की पुन्हा पळायची. निथळत, धापा टाकत तो मागून येत होता. सपाट दगडापाशी मात्र तो थांबला नाही. बायकोसमोर लाज वाटली म्हणून म्हणा, की ती पुढच्या झाडामागे लपली होती आणि तिला शोधायचं होतं म्हणून म्हणा.

सोमवारी त्याला जिना उतरता येईना. दिवसभर स्टुलावर बसूनच त्याने केस कापले. एका गिऱ्हाइकाने नेहमीप्रमाणे विचारलं, "मग, काल काय म्हणत होतं तळं?"

सलूनवाल्याने कात्री हवेतच थांबवली.

"थंड आहे हो," तो म्हणाला. "आणि बुडाशी फार चिखल आहे."

गिऱ्हाईक आरशातून त्याच्याकडे संशयाने बघू लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला ही थाप वाटली होती.