सोमवारी अडलेली जोडणी

मित्रांनो, मी जुना संगणक आहे आणि मला एका जागी बसून धड गोष्ट सांगता येत नाही. जोडणी लागणं आणि जोडणी तुटणं, यातच माझं आयुष्य गेलं. सांगता सांगता मध्येच थांबलो तर रागावू नका.

माझे सुटे भाग शाहूपुरीतल्या एका दुकानात एकत्र आले. तिथून टेंपोतून मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आलो, लोखंड ओतायच्या एका कारखान्यात. मालकांचं मुख्य ऑफिस शहरातल्या उद्यमनगरात होतं आणि तिथे मोठा संगणक होता, सर्व्हर. भट्टीतल्या रसात काय किती मिसळायचं, हे तो ठरवायचा. मी फोनच्या तारेवरून त्याचा पडदा ओढून माझ्या काचेवर आणायचो. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. डोकं त्याचं, तोंड माझं.

कौतुक व्हायचं. कुणी आलं की मालक म्हणायचे, "हे बघा पावणं, उद्यमनगर हितं बसून दिसतंय!" माझा पंखा जोरात फिरायचा.

पण पडदा येण्याआधी आम्हा दोघांना रोज एक गोष्ट ठरवावी लागे: कोणत्या रीतीने बोलायचं? रीत जुळली की चित्र. नाही जुळली तर...

थांबा. त्या सोमवारचंच सांगतो.

उद्यमनगराची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. आमचा कारखाना मात्र गुरुवारी बंद असायचा. सर्व्हर सांभाळणारा प्रसेनजीत सोमवारी निवांत ऑफिसात आला, त्याने सर्व्हरला नवी रीत शिकवली आणि जुनी बंद करून टाकली. आज सगळीकडे सुट्टी, असं धरून चालला होता तो. मला नवी रीत शिकवायला तो मंगळवारी येणार होता.

इकडे भट्टी भरलेली. लालभडक. लॅबमध्ये निशा होती. नोकरीत नवी, आणि एकटीने सांभाळायची तिची ही पहिलीच भट्टी. तिने रसाचा नमुना तपासला आणि मला जोडणी लावायला सांगितली.

मी विचारलं. सर्व्हर नव्या रीतीने काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी जुन्या रीतीने पुन्हा विचारलं. त्याने ऐकलंच नाही.

जोडणी तुटली.

पुन्हा.

जोडणी तुटली.

भट्टी सांभाळणारे जोतीराम आण्णा दारात आले. "पोरी, रस किती येळ धरून ठेवू? रसातला कार्बन जळून मात्रा बिघडंल की! साचं वाट बघालेत."

"आण्णा, पडदाच येईना झालाय."

"मग त्या डबड्याला दे उकिरड्यावर टाकून!"

मित्रांनो, डबडं म्हणजे मी.

निशाने प्रसेनजीतला मोबाईल लावला आणि स्पीकरवर टाकला. "काय केलंस सर्व्हरला?"

"नवीन टाकलंय. का गं? आज सुट्टी न्हाय तुम्हाला?"

"सुट्टी तुमची! हितं भट्टी पेटलीया."

प्रसेनजीत म्हणाला, "आयला, ध्यानातच न्हाय आलं. बरं, आकडं सांग. मी हितं टाकून फोनवर सांगतो."

आण्णांनी ते ऐकलं. "न्हाय चालणार. मागं ह्या गोंगाटात फोनवर ऐकून टाकलं, आन् अख्खी खेप माघारी आली. डोळ्यांनी बघितल्याबिगर मी भट्टीत चिमूटभर काय टाकणार न्हाय." हा त्यांचा नियमच होता. मालकांसाठीही ते तो मोडत नसत.

निशा फोनमध्ये म्हणाली, "जुनी रीत परत चालू कर."

"नवी काढू? मालक मलाच काढतील की!"

"काढू नको. दोन्ही ठेव. सर्व्हरनं आधी विचारू दे, तुला कुठली येती? समोरच्याला जी येती, तीत बोलू दे."

"व्हय की... थांब. सांगतो तवा लाव."

थांबलो. भट्टीची घरघर. आण्णांच्या बुटांचा आवाज, दारापर्यंत, परत. निशाने नखं कुरतडली. मला काहीच करता येत नव्हतं.

"लाव आता!"

मी विचारलं. सर्व्हर म्हणाला, मला नवी येते, जुनीही येते. तुला?

फक्त जुनी.

मग जुनीच.

चित्र आलं. रंग कमी, एकेक पट्टी वरून खाली उतरत. निशाने नमुन्याचे आकडे भरले आणि शेवटी काय किती मिसळायचं ते उमटलं. आण्णांनी चष्मा पुसला, नाक काचेला टेकवून वाचलं आणि भट्टीकडे धावले. निशा खुर्चीत बसली. काही वेळाने बाहेरून आरडाओरडा ऐकू आला, "वता, वता!" रस साच्यांत उतरला. निशाची भट्टी वाचली.

पुढे नवे संगणक आले. आता मी लॅबच्या फळीवर आहे, प्लॅस्टिकच्या कागदाखाली. मला कुणी जोडत नाही.

मित्रांनो, नवं जरूर आणा, माझा नव्यावर राग नाही. पण जुना दरवाजा बंद करण्याआधी पलीकडे कोण उभं आहे ते हाक मारून विचारा. कदाचित त्याची भट्टी भरलेली असेल आणि त्याला मंगळवारपर्यंत थांबता येणार नसेल.