करमाळ्यासाठी ठेवलेला कोड

दुकानदारांच्या वेबसाइटी आम्ही ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभ्या करतो, त्यात डेटाबेसशी बोलणारा कोड दोन प्रकारचा. एक नवा, सगळे वापरतात तो. दुसरा जुन्या डेटाबेससाठीचा, ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही. तरी प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे करायची, सगळं नीट चालतंय का हे तपासणाऱ्या टेस्ट दोन्हींच्या चालवायच्या. आणि मोडणार नेहमी जुनाच!

त्या दिवशीही मोडला. संध्याकाळी बाळीवेशीत सप्ताहातलं शेवटचं कीर्तन. बुवांच्या मागे उभं राहून गायचं म्हणजे माझा जीव की प्राण. आधीची दोन कीर्तनं या कोडानंच गिळली होती.

"अण्णा, काढूनच टाकते आता," मी म्हणाले. प्रभुलिंगअण्णा आमचे मालक. तो जुना कोड त्यांच्याच हातचा.

"अगं सिद्धेश्वरी, करमाळ्याचा अभिमन्यू त्याच्यावरच हाय. आपलं पहिलं गिऱ्हाईक. माणूस तोडायचा व्हय?"

"नव्यावर आणू की त्यांना."

"त्याला वाईट वाटंल."

देवा, यांना बुद्धी दे, असं पुटपुटत मी करमाळ्याला फोन लावला, स्पीकरवर.

"अभिमन्यू, आपलं जुनं चालतंय न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"झकास चालतंय की, अण्णा! त्याला तोड न्हाय."

अण्णांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. माझं डोकंच फिरलं.

"शेठ, शेवटचं कधी उघडलं होतं ते? खरं सांगा. हितं माझं कीर्तन बुडतंय!"

 पलीकडून हळूच आवाज आला, "ताई, अण्णा रागावणार न्हाईत न्हवं? पोरीनं दुकान दुसऱ्याच ॲपवर नेलंय, लई दिस झालं. पण अण्णा दर पाडव्याला इचारत्यात. न्हाय कसं म्हणायचं? म्हणून ते मशीन नुसतं चालू ठिवलंय. दसऱ्याला हार घालतो."

"आरं मर्दा!" अण्णा कडाडले. "तुझ्यापायी मी ठिवलंय, आन् तू माझ्यापायी? मधल्या मधी या पोरीचा जीव गेला की!"

फोन ठेवून अण्णांनी खुर्ची ओढली, जुन्या फायली एकेक निवडल्या. डिलीटच्या बटणावर बोट नेऊन थांबले.

"एकदा परत बघू का, आणखी कुणी..."

"अण्णा!"

त्यांनी दाबलं. टेस्ट पास होऊन हिरव्या झालेल्या बघून मी धावत सुटले.

बाळीवेशीत पोचले तर आख्यान संपलेलं, बुवा आरतीला उभे. ती आरती मी इतक्या तावातावानं म्हटली, की पुढच्या बाईनं दचकून मागं बघितलं.