पुस्तक उघडते आहे

तक्रार पुन्हा बंद झालेली दिसली आणि ग्रंथपालबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर दर वेळी तेच, शब्दसुद्धा तेच: ‘पुस्तक उघडते आहे. समस्या आढळली नाही.’

“उघडतंय, हे मलाही दिसतंय!” बाई काउंटरमागून एवढ्या जोरात म्हणाल्या की वाचन कक्षातल्या माना वर झाल्या. “तिला दिसत नाही, त्याचं काय?”

ती म्हणजे कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. जन्मापासून दृष्टी नाही, पण जीभ अशी धारदार की सगळं कॉलेज तिला ‘वकीलसाहेब’ म्हणायचं. खिडकीजवळच्या टेबलावर बसून, कानात इयरफोन घालून ती पुस्तकं ऐकायची. लॅपटॉप पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवायचा, तोही इतक्या भरभर की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळू नये. एकदा बाईंनी तो इयरफोन कानाला लावून पाहिला होता आणि “अगं, हे वाचतंय की भांडतंय?” असं विचारलं होतं. वकीलसाहेब पोट धरून हसली होती.

हे सगळं ठीक चाललं होतं, ते सामायिक केंद्र येईपर्यंत. आसपासच्या कॉलेजांनी मिळून ते काढलं. प्रत्येकाने ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वेगवेगळी घ्यायची, वेगळे लॉगिन सांभाळायचे, कंपन्यांशी वेगळं भांडायचं, त्यापेक्षा सगळ्यांच्या वतीने एकच कचेरी हे काम करेल. कल्पना बाईंनाही पटली होती. छोट्या कॉलेजला कंपन्या दारात उभं करत नाहीत, हे त्यांनी पुरेपूर भोगलं होतं.

पण केंद्राने सगळ्यांची पुस्तकं एका नव्या संकेतस्थळावर हलवली आणि तिथे कायद्याची बहुतेक पुस्तकं म्हणजे नुसते पानांचे फोटो निघाले. डोळ्यांनी बघणाऱ्याला फरक कळत नव्हता. वकीलसाहेबांच्या लॅपटॉपला मात्र अक्षरं सापडेनात. पान उलटलं की तो पानाचा आकडा सांगून पुढे फक्त एक शब्द बोलायचा: “चित्र.”

बाईंनी केंद्रात फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता, त्यामुळे तर त्यांना आणखीच राग आला.

“मॅडम, आम्ही तपासलं. उघडतंय.”

“उघडतंय, पण बोलत नाही.”

“आमच्याकडे दोनच पर्याय आहेत. उघडतं किंवा उघडत नाही. बोलत नाही असा पर्यायच नाही.”

“मग तुमच्या वरिष्ठांना सांगा.”

“साहेबांकडे तर तुमची थेट ओळख आहे ना, मॅडम?”

ओळख कसली! केंद्राचा संचालक म्हणजे बाईंचा सख्खा दीर. आजवर नात्याचा वशिला लावायचा नाही म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. पण परीक्षा तोंडावर आली होती. बाई स्वतः, वकीलसाहेबांच्या दोन मैत्रिणी, अशा आळीपाळीने तिला पुस्तकं वाचून दाखवत होत्या. घसे बसले, तरी अभ्यासक्रम संपेना.

रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले तेव्हा बाईंनी विषय काढलाच. दिराने शांतपणे ऐकून घेतलं, निदान तसं दाखवलं.

“वहिनी, एवढ्या कॉलेजांची व्यवस्था आहे. एका मुलीसाठी ती कशी बदलणार?”

“भावजी, सामायिक म्हणजे सगळ्यांचं ना? मग त्या सगळ्यांत ती का नाही?”

“तुम्ही फार भावनिक होता. जरा पाणी देता का?”

बाईंनी पाण्याचं भांडं असं आदळलं की सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. नवरा ताटात बघत बसला. घरी जाताना गाडीत तो म्हणाला, “जेवणाच्या वेळी नको होतं काढायला.” त्यावर बाई जे बोलल्या, ते ऐकून त्याने पुढचा सगळा रस्ता गाडी फार काळजीपूर्वक चालवली.

केंद्राची वार्षिक बैठक जवळ आली होती; कॉलेजांचे केंद्राशी नवे करारही तिथेच व्हायचे होते. बाई वकीलसाहेबांना म्हणाल्या, “माझ्याबरोबर चल. तुला बघतील तेव्हा तरी लाज वाटेल त्यांना.”

तिने इयरफोन काढून टेबलावर ठेवले. “मी काय नमुना आहे का बाई, हात धरून फिरवून दाखवायला? मला दया नकोय. मला पुस्तक हवंय.”

बाईंना कानफटात बसल्यासारखं झालं. त्या काही बोलणार तोच तिने लॅपटॉप पुढे सरकवला. “हा न्या. हाही माझ्याइतकाच वैतागलाय. फक्त आवाज सावकाश करून ठेवते, तिथल्यांना झेपला पाहिजे.”

बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि सगळ्या कॉलेजांचे ग्रंथपाल आले होते. दीर भिंतीवरच्या पडद्यासमोर उभा राहून सांगत होता की वर्षभरातली एकही तक्रार शिल्लक नाही. टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत बाईंनी लॅपटॉप उघडला, आवाज पूर्ण वाढवला आणि पानं उलटायला सुरुवात केली.

“पान एक. चित्र. पान दोन. चित्र. पान तीन. चित्र.”

कुणीतरी हसलं. बाई थांबल्या नाहीत.

“वहिनी, हे काय चाललंय?” दिराचा आवाज चिरका झाला.

“कायद्याचं पुस्तक वाचतेय. आमची विद्यार्थिनी रोज हेच वाचते. तुम्हीही वाचा की थोडं.”

पानं उलटतच राहिली. आता कुणी हसत नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले एक वयस्कर ग्रंथपाल खाली बघत म्हणाले, “आमच्याकडेही असे दोघे होते. त्यांनी कॉलेज सोडलं.”

“तुम्ही तक्रार केली नाहीत?” बाईंनी विचारलं.

“काय उपयोग? बंदच झाली असती.”

ते ऐकल्यावर बाईंना आधी त्या माणसाचाच गळा धरावासा वाटला. मग तो संताप जिथे जायला हवा तिथे गेला. त्या उठल्या. “भावजी, सगळ्या तक्रारी संपल्या म्हणताय ना? तक्रारी संपल्या नाहीत, पोरं संपली!”

“पुढच्या करारात आपण नक्की—”

“पुढच्या नाही. जुनी, बोलणारी पुस्तकं आधी परत सुरू करा. तोवर नव्या करारावर आमच्या कॉलेजची सही नाही.”

“आमचीही नाही,” वयस्कर ग्रंथपाल म्हणाले. मग आणखी एक हात वर झाला, मग शेजारचा. सगळे नाही झाले. काहीजण फोनमध्ये तोंड घालून बसले. पण जेवढे झाले तेवढ्यांनी दिराचा नाइलाज झाला.

बाहेर जिन्यात त्याने बाईंना गाठलं. “घरचं माणूस असून चारचौघांत माझी अशी शोभा केलीत?”

“घरी सांगितलं होतं, भावजी. तुम्ही पाणी मागितलंत.”

जुनी पुस्तकं परत आली, पण परीक्षा उलटून गेल्यावर. वकीलसाहेबांचा एक विषय राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत केंद्राने सगळ्या कॉलेजांना कळवलं: ‘दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आमची नवी सेवा!’ शेजारी दिराचा हसरा फोटो. बाईंनी तो मजकूर वकीलसाहेबांना वाचून दाखवला, पण रागाने त्यांचा आवाज मध्येच फाटला.

“नवी?” ती म्हणाली. “खिशातून काढून घेतलं, परत दिलं, आणि वर म्हणे भेट!”

“मी आत्ताच फोन करते त्याला. नातं गेलं खड्ड्यात. तुझा विषय राहिला त्याचं उत्तर कोण देणार? आणि ती कॉलेज सोडलेली दोघं, त्यांना कोण शोधणार? मी विचारतेच—”

“विचारा बाई, जरूर विचारा,” इयरफोन कानात घालत वकीलसाहेब म्हणाली. “पण बाहेर जाऊन. मला वाचायचंय.”

बाई फोन हातात घेऊन, पाय आपटत बाहेर गेल्या.