निनावी तक्रार कुठून आली

हाजिएवा बाईंनी तो कागद वर धरला तेव्हा मी बिल्यानाच्या डाव्या बुटाची नाडी बांधत होते. नंतर ती नाडी मी तीनदा सोडली आणि तीनदा बांधली, कारण मला मान वर करायची नव्हती.

शुक्रवारची संध्याकाळ होती. बालवाडीच्या कपडे बदलायच्या खोलीत दहाबारा पालक होते, कोणी कोट घालत होतं, कोणी हरवलेला मोजा शोधत होतं. हाजिएवा बाई आमच्या बालवाडीच्या मुख्याध्यापिका. त्या सहसा या खोलीत येत नाहीत.

"नगरपालिकेला कुणीतरी निनावी तक्रार पाठवलीय," त्या म्हणाल्या. "म्हणे जी मुलं दुपारी झोपत नाहीत त्यांना आम्ही इथे, या थंड खोलीत, एकटं बसवून ठेवतो. खाली नाव लिहायची हिंमत नाही. पण कागदावर आयपी अ‍ॅड्रेस छापून आलाय. माझा संगणकवाला सोमवारपर्यंत माणूस शोधून देणार आहे."

"शोधायलाच हवं," एक बाबा फोनमधून डोकं न काढता म्हणाले.

तक्रार मी केली होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात बिल्याना अंघोळीला बसली असताना म्हणाली होती, "आई, मी नाही झोपले, पण माझी बोटं झोपली." कुठे, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "खुर्चीत. कोटांच्या खोलीत." पुढचं काही सांगेना, साबणाच्या फेसाची दाढी लावत बसली. दुसऱ्या दिवशी तिला आणायला गेले तेव्हा मी त्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावून पाहिला. बर्फासारखा. फेब्रुवारीत आमच्या गाब्रोवो गावात डोंगरावरून येणारा वारा दाराच्या फटीतून थेट त्याच खोलीत शिरतो.

सरळ बाईंशी बोलायला हवं होतं, हे मला कळतं. पण चार वर्षांची मुलगी दिवसाचे नऊ तास त्यांच्या हातात असते. नदीपलीकडच्या बालवाडीत जागेसाठी एवढी मोठी यादी आहे की आमचा नंबर लागेपर्यंत ती शाळेत जाईल. म्हणून पालिकेच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरला आणि नावाचा रकाना रिकामा ठेवला.

मी गिरणीत कापड तपासते. दोष दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा आणि गठ्ठ्याचा क्रमांक लिहायचा. त्या क्रमांकावरून यंत्र कळतं, यंत्रावरून पाळी कळते आणि पाळीवरून कामगार बाई. हे मी रोज करते, म्हणून त्या कागदावरच्या आकड्यांची मला जास्तच धास्ती वाटली. घरी येऊन मी फोनमधलं सगळं पुसून टाकलं. माझा नवरा दोब्रिन म्हणाला, "राली, त्यांच्याकडे गेलेला आकडा तुझ्या फोनमधून पुसून काय होणार?"

"तुला काय माहीत?"

"मला काहीच माहीत नाही. म्हणून तर विचारतोय."

शनिवारी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात मिन्चोकाका शिडीवर उभे होते. आमच्या भागातल्या छोट्या इंटरनेट कंपनीत ते पंधरा वर्षं तारा ओढतात. तोंडात कायम भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. समोर भिंतीवरचा राखाडी डबा उघडा होता.

"काका, एक विचारू? मैत्रिणीसाठी विचारतेय."

"मैत्रिणीलाच पाठवायचं होतंस. बोल."

"आयपी अ‍ॅड्रेसवरून माणूस सापडतो का?"

काकांनी स्क्रू काढून ओठांत धरला आणि तसंच बोलायला लागले. "या जिन्यात चोवीस घरं. बाहेरच्या जगाला ती चोवीस घरं दिसतच नाहीत, त्याला हा एक डबा दिसतो. तू चौथ्या मजल्यावरून काही पाठवलंस की ते डब्याचा आकडा लावून बाहेर जातं. उत्तर डब्याकडे येतं. कोणत्या घराने विचारलं होतं ते डब्याच्या लक्षात असतं, आणि तो ते वर पोचवतो."

"म्हणजे नाव कळत नाही."

"जगाला नाही कळत. कंपनीला कळतं. कोणत्या मिनिटाला कोणता आकडा कोणाकडे होता याची नोंद काही महिने असते. पण ती मी तुझ्या मैत्रिणीच्या वैऱ्याला काय, माझ्या बायकोलाही दाखवू शकत नाही. न्यायाधीशाचा कागद लागतो, आणि तो असातसा मिळत नाही. पाठवलं कुठून तिने?"

"फोनवरून. बालवाडीत, मुलगी बूट शोधत होती तेवढ्यात."

"फोनच्या स्वतःच्या इंटरनेटवर ना?"

"नाही, बालवाडीच्या वायफायवर." बालवाडीचा वायफायचा डबा त्याच खोलीत खणांच्या वर भिंतीला लावलाय, आणि कारखान्यातून आलेली पासवर्डची चिठ्ठी अजून त्याच्यावर आहे. आम्ही सगळेच पालक तो वापरतो. फुकट मिळत असताना फोनचं इंटरनेट कोण जाळेल?

काका एवढे हसले की मला शिडी धरावी लागली. "म्हणजे बालवाडीची तक्रार बालवाडीच्याच खर्चाने. अस्सल गाब्रोवोची कंजूष आहे हो तुझी मैत्रीण. हिवाळ्यात दार लवकर लागून ऊब वाचावी म्हणून आपण मांजराची शेपूट कापतो म्हणतात, ते उगीच नाही."

"काका, हसू नका. सापडेल का ती?"

"अगं, सुटलीस तू. म्हणजे ती. तो आकडा बालवाडीचा. संगणकवाला शोधत शोधत बालवाडीच्याच दारात जाणार. त्या डब्याला कोण कोण जोडलेलं होतं हे असल्या स्वस्तातल्या डब्याला दुसऱ्या दिवशी आठवतही नाही."

चार जिने मी धावत चढले. रविवारी पातळ पोळ्यांच्या थरांत चीज घालून बानित्सा भाजला, तोही चांगला फुलला. काकांना चार तुकडे दिले.

सोमवारी सकाळी बिल्यानाला घेऊन गेले तर योनका मावशी आपला खण रिकामा करत होत्या. मुलांना सूप भरवणं, निजवणं, पुसणं, सगळं त्याच करतात. एकवीस वर्षं. खणातून एक जुना स्वेटर, हाताला लावायचं मलम आणि मुलांनी काढलेल्या चित्रांची गुंडाळी त्यांनी पिशवीत टाकली.

"काय झालं, मावशी?"

"मला विचारू नकोस, पोरी. मला साधा फोटो पाठवता येत नाही, आणि मी म्हणे तक्रार पाठवली." त्यांनी नाक पुसलं. "संगणकवाला म्हणाला, आकडा आपलाच आहे. वेळ पाच वाजायला वीस मिनिटं. त्या वेळी आत कर्मचारी दोघीच, बाई आणि मी. बाईंनी तर पाठवली नाही. दुपारपर्यंत कबुली दे नाहीतर राजीनामा दे म्हणाल्या. दोन वर्षं राहिलीत गं पेन्शनला."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की आता मला कोणी शोधणार नाही. ते येऊन गेलं. मग मी बिल्यानाचा हात मावशींच्या हातात दिला आणि म्हटलं, "पिशवी खाली ठेवा. मी आले."

हाजिएवा बाईंच्या टेबलावर तोच कागद होता.

"बाई, हा आकडा जागेचा आहे, माणसाचा नाही," मी उभ्यानेच सुरुवात केली. "संध्याकाळी त्या डब्याला पंचवीस पालकांचे फोन जोडलेले असतात. पासवर्ड डब्यावरच चिकटवलाय."

"बिल्यानाची आई, तुम्ही कापड तपासता ना? संगणकाचं संगणकवाल्याला बघू द्या."

"मग त्यालाच विचारा. फोन लावा, मी थांबते."

त्यांनी लावला, बहुतेक मला घालवण्यासाठी. पलीकडच्या माणसाचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. "हो, पालकही असू शकतात. मी आकडा कुणाचा ते सांगितलं होतं, बाई. माणूस तुम्ही ठरवलात."

बाईंनी फोन पालथा ठेवला. "ठीक आहे. पण आत काय चालतं हे पालकांना कुठून कळणार? ते आतल्या माणसालाच माहीत."

"काय चालतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्या उगीचच कागद सरळ करायला लागल्या.

"मला बिल्यानाने सांगितलं," मी म्हटलं. "तक्रार मी केली."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा. मुलं काहीही सांगतात, तुम्ही तरुण आहात, काळजी वाटते, मला समजतं. हे बघा, निनावी तक्रारीची चौकशी होत नाही, नियमच तसा आहे. मला नुसता खुलासा मागितलाय, तो मी चार ओळींत देईन. योनका कामावर राहील. बिल्याना शाळेत जाईपर्यंत इथे आनंदात राहील. तुम्ही गप्प, मी गप्प. कोणाचं काही बिघडलं नाही."

खरंच, कोणाचं काही बिघडत नव्हतं. मावशींची नोकरी वाचत होती आणि मुलीची जागाही. मी जवळजवळ मान हलवली.

"आणि आज दुपारी ज्यांना झोप येणार नाही, ती मुलं कुठे बसतील?"

"आता बालवाडी कशी चालवायची तेही तुम्ही शिकवणार?"

"नाही," मी म्हटलं. "मग मी नाव घालते."

बाहेर येऊन मी मावशींना एवढंच सांगितलं की तुमच्यावरचा आळ गेलाय, तुम्ही कामावर आहात. बिल्यानाला सोबत घेतलं, गिरणीत अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि आम्ही दोघी पालिकेत गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "हे घरबसल्या ऑनलाइन करता येतं."

"माहीत आहे. मला कागदावर हवंय."

माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, फोन. मुलीचं नाव. खोली, खुर्ची, बंद रेडिएटर, मुलीने सांगितलेला दिवस. त्यांनी वाचलं. "अशीच एक मध्यंतरी आली होती. खुलासा मागवला आणि फायलीला लावून टाकली."

"ती काढा."

त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक लिहिला आणि माझी प्रत परत दिली. गुरुवारी तपासणीला समिती येईल म्हणाल्या.

संध्याकाळी दोब्रिन बराच वेळ ती प्रत वाचत बसला. "आधी सांगायचं तरी."

"तू थांबवलं असतंस."

"थांबवलं नसतं. विचार कर म्हटलं असतं."

"तेच ते."

"उद्या पोरीला आईकडे गावी ठेवू. गुरुवार होऊन जाऊ दे."

मलाही तेच वाटत होतं. रात्रभर तिला कोणी टाकून बोलेल, मुद्दाम कोपऱ्यात बसवेल, असली चित्रं डोळ्यांपुढे येणार हे मला ठाऊक होतं. पण ती घरी राहिली तर तिथे काय चाललंय हे सांगणारं माझं कोण उरणार? "ती जाईल," मी म्हटलं. "आणि रोज मी स्वतः सोडेन, स्वतः आणेन."

मंगळवारी मावशी मला दारातच भेटल्या. मला वाटलं त्या मिठी मारतील. त्यांनी मला बाजूला ओढलं.

"शुक्रवारी कागद दाखवला तेव्हा तू इथेच होतीस."

"हो."

"तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर काल सकाळी मला ते ऐकून घ्यावं लागलं नसतं. स्वयंपाकिणीसमोर, गं."

"चुकलं, मावशी."

"चुकलंच." त्यांनी बिल्यानाची टोपी काढली, केस नीट केले. मग आवाज उतरवला. "तुझ्या कागदावर सही मी करणार नाही. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. पण समितीने मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. कोणती मुलं, किती वेळ, कोणाच्या हुकमावरून, सगळं सांगेन. विचारायला मात्र त्यांना तू लाव."

"लावते. पण एका आईचं ऐकून ते कितीसं विचारतील?"

"मग एकटी का जातेस?"

त्या संध्याकाळी मी कपडे बदलायच्या खोलीत दाराजवळ उभी राहिले. हातात कागद, वर समितीने कर्मचाऱ्यांनाही विचारावं अशी दोन ओळींची विनंती, खाली सह्यांसाठी जागा. फोनमधून डोकं न काढणाऱ्या बाबांनी या वेळी काढलं. "माझा मुलगा झोपतो," ते म्हणाले. एका आईची नोकरी पालिकेत होती. दुसरीने पूर्ण वाचलं, पेन हातात घेतलं, आणि नवऱ्याला विचारून सांगते म्हणून परत दिलं. तिसऱ्या आईने सही केली. तिने काही विचारलं नाही, फक्त मुलाकडे एकदा बघितलं.

शेवटचा कोट गेला तेव्हा कागदावर दोन नावं होती, तिचं आणि माझं. हाजिएवा बाई आपल्या खोलीच्या दारातून बघत होत्या. मी त्यांना "येते" म्हटलं.

बुधवारी सकाळी सव्वासातला मी पुन्हा तिथे होते. सकाळी मुलांना सोडायला बहुतेक आजी-आजोबा येतात. ते निवृत्त आहेत, त्यांची नोकरी कोणी घेऊ शकत नाही. पहिले आजोबा दारातून आत आले, बुटांवरचा बर्फ झटकला, आणि मी कागद पुढे केला.

"चष्मा आणलाय का, आजोबा?" मी विचारलं. "नसेल तर मी वाचून दाखवते."