आईवर गेलेली लेक

प्रतिक्षा सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा शिरड शहापुरात शेतोशेत हळद शिजत होती. जीपमधून उतरली ती थेट आरशासमोर जाऊन उभी राहिली. गालांवर, कपाळावर वांगाचे तपकिरी डाग चढले होते. "आई, बघ ना माझं तोंड! पिशवीत गोरं करायचं क्रीम हाये, पण डॉक्टरीणबाई म्हणतात लावू नका. उन्हात तोंड झाका, बाळ झाल्यावर बरंचसं आपोआप जाईल."

मंजुळाबाईंनी लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि त्या चक्क हरखल्या. "अगं, हे तर माझंच तोंड हाये! तुझ्या वक्ताला मला अस्साच वांग आला व्हता."

मंजुळाबाईंचा स्वभावच तसा. कुणी नवं लुगडं दाखवलं, तर यांना आपलं जुनं आठवायचं. मग पोटुशी लेक म्हणजे पर्वणीच. दुपारी ओसरीवर बसून त्या तिच्या पोटाला खोबरेल लावायच्या. बेंबीखाली काळी रेघ उमटली होती, बाजूला चिरा फुटल्या होत्या. "कितीबी तेल चोळ, चिरा जायच्या न्हाईत, नुसत्या पांढऱ्या पडतील. पण पोटाची कातडी ताणून खाजती ना, ती थांबती. माझी आई माहेरी, गोरेगावात, अशीच तेल लावायची. हात असा मऊ, की मी बसल्या जागी झोपायची." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून यायचे. आई जाऊन किती वर्षं झाली, पण लेकीच्या पोटावर फिरणारा आपला हात त्यांना आईचाच वाटायचा. सैल सुती कपडे, कोमट पाण्याची अंघोळ, मानेवरचा काळेपणा घासून काढायचा नाही, हे सगळं आईचंच. प्रतिक्षा हसायची, "सगळं तुझ्यावरच गेलंय म्हण की!" आणि मंजुळाबाईंची छाती फुगायची.

आठवा सरत आला. एका दुपारी प्रतिक्षा उंबऱ्यावर तळपाय घासत बसली होती. "आई, तळवे लई खाजून राहिले. हातबी. आज कितीक दिवस डोळ्याला डोळा न्हाई."

शेजारच्या गोजरबाई हळद पुसायला फडकं शोधत आल्या होत्या. त्यांनी निकाल देऊन टाकला, "हळदीचे दिवस हायेत माय. साऱ्या गावाला खाज सुटलीया."

मंजुळाबाईंनी मान डोलावली. त्यांचे स्वतःचे हात पिवळेजर्द होते. तळवे पाहिले तर पुरळ नाही, गांधी नाही, नुसते नखांचे ओरखडे. तेलाची बाटली मांडीवर घेत त्या हसल्या. "माझंबी असंच झालं व्हतं गं. तळव्यांना अशी आग, की मी दिवसभर गुरांच्या हौदात पाय सोडून बसायची. आई म्हणायची, म्हैस हाय का पोरगी! आणि वरून घागरीनं पाणी ओतायची. किती हसायचो आमी."

"माझ्या वेळची गोष्ट व्हय?"

"न्हाई, तुझ्या वेळी कुठं? ती तर पहिल्या..."

मंजुळाबाई थांबल्या. हौदाची गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली होती, लग्नाकार्यात बायकांना हसवलं होतं. आणि पहिलं पोरगं जन्मताच गेलं, ही गोष्ट त्या कधीच कुणाला सांगत नसत. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या होत्या, पण त्यांनी त्या कधी शेजारी शेजारी ठेवल्याच नव्हत्या. आणि पोरीनं तर यंदा हळदीला हातही लावला नव्हता. त्यांनीच लावू दिला नव्हता.

त्या तशाच शेताकडे धावल्या. "अहो, जीप बोलवा. वसमतला जायचं, आत्ता."

प्रतिक्षाचे वडील विश्वंभर घामाघूम झालेले. "काहून? आत्ता तर कढई चढलीया!"

"करपू द्या तुमची हळद!"

वसमतला डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. वांग, रेघा, चिरा यांची काळजी नको, म्हणाल्या, पण पुरळ नसताना तळव्यांना खाज सुटणं वेगळं. लिव्हरचा त्रास आहे, बाळाला धोका असतो. "हे घरात चालत येतं कधी कधी. कुणाला होतं का?"

"मला," मंजुळाबाई म्हणाल्या. "पोरगं झालं. रडलंच न्हाई ते."

प्रतिक्षानं आईचा हात घट्ट धरला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच या म्हणाल्या. सारखी तपासणी करू आणि दिवस भरायची वाट न बघता बाळंतपण उरकू, असंही सांगितलं.

परतीच्या वाटेवर मंजुळाबाईंना आपली आई आठवत राहिली. आईचा राग आला नव्हता. तिला कळलं असतं तर तिनं अनवाणी डॉक्टर गाठला असता. ती घागरभर पाणी ओतत राहिली, कारण तिच्याजवळ तेवढंच होतं. तरीही हौदाकाठचं ते हसू आता पुन्हा पहिल्यासारखं आठवणार नव्हतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

ठरल्या दिवशी मुलगी झाली. एवढीशी, पण गळा असा की आख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. दूध पाजलं, दुपटं बदललं, तरी टाहो थांबेना. प्रतिक्षा दमून म्हणाली, "आई, घे ना गं तिला. गप कर."

मंजुळाबाईंनी नात छातीशी घेतली. तिला थोपटलं मात्र नाही.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "मला ऐकू दे."